कोपऱ्यातलं बटण

घोडपदेवच्या चाळीत कमलाबाईंना कोणी आई म्हणे, कोणी वहिनी, खालच्या वाण्याकडे तर नुसत्याच ‘वरच्या मावशी’. नवऱ्याने, म्हणजे दत्तारामांनी, उभा संसार ‘अगं’ या एका हाकेवर काढला. कमलाबाईंना त्याचं काही वाटत नसे. मजल्यावरच्या दुसऱ्या बायकांना तरी कोण नावाने बोलावत होतं?

मग दत्तारामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख राहिलं, आणि शिक्षा ती हीच.

दत्ताराम परळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. तिथली ‘केस’ म्हणजे कप्प्याकप्प्यांचं मोठं लाकडी खोकं. त्यातून शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, न बघता उचलायचे आणि ओळ जुळवायची. कुठल्या कप्प्यात कुठलं अक्षर, ते बोटांना पाठ. जयंतीचं पत्रक त्यांच्या हातून गेलं की काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. अशा माणसाने डाव्या हाताने पाटीवर लिहायला घेतलं, तर अक्षरं मुंगळ्यांसारखी पांगली. त्यांनी पाटी पुसली, कॉटखाली सरकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. आजारी माणसाला एवढा ताठा कशाला, असं कमलाबाईंच्या मनात येई. पण हातापायांतला गेला तरी मनातला ताठा तेवढा शिल्लक होता.

वाट काढली ती राजरत्न मास्तरांनी. समोरच्या खोलीत राहायचे, तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले, दत्तारामांचे लहानपणापासूनचे दोस्त. कमलाबाईंच्या घरात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. मास्तरांनी त्यावरची कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम काढली आणि लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, आणि उकलून हवं तसं बदलता येतं. “वहिनी, याला मालक नाही,” ते म्हणाले. “जो वापरेल तो मालक.”

दोघे दोस्त पोरांसारखे त्याच्यापुढे बसले. सगळी अक्षरं कीबोर्डच्या डाव्या अंगाला आणली, थेट छापखान्यातल्या केससारखी. क, र, त, काना बोटांखाली. ढ, ञ पार लांब. बटणांवर चिठ्ठ्या चिकटवू का, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा दत्तारामांनी असं तोंड केलं की मास्तरांनी कात्री परत खिशात घातली. केसवर चिठ्ठ्या शिकाऊ लावतात.

शेवटी डाव्या कोपऱ्यातलं एक बटण उरलं. याचं काय करू, मास्तरांनी विचारलं. दत्तारामांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. मास्तर हसू लागले.

“वा रे वा. तोंड होतं तेव्हा नाव घेतलं नाहीस कधी.”

ते बटण एकदा दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं: कमल.

कमलाबाई भाकरी थापत असायच्या. मागे खट् वाजायचं, आणि वळून पाहावं तर पडद्यावर आपलं नाव. पहिल्यांदा त्या इतक्या लाजल्या की भाकरी करपली. मग नावापुढे एकेक शब्द उमटायचा. ‘आमटीत मीठ घालायचं राहिलं.’ ‘तुझ्या लेकाने दाढी कशाला वाढवली.’ ‘बाम लाव, कण्हतेस रात्रभर.’ भांडणंसुद्धा व्हायला लागली. घर पुन्हा बोलतं झालं.

मास्तर गेले त्यालाही आता दोन पावसाळे झाले.

मुलगा अमित लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात नोकरीला, बायको प्रितीसोबत करी रोडला राहणारा. चांगला मुलगा. तीच पंचाईत, वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. एका शनिवारी प्रिती सासऱ्यांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली आणि अमित घरचा कॉम्प्युटर उघडून बसला. म्हणाला, आई, हे जुनं झालंय, उद्या बंद पडलं तर मास्तरकाकाही नाहीत नीट करायला. मी ऑफिससारखं नवीन घालून देतो, मला तिथूनही बघता येईल. यात चुकीचं काय होतं? कमलाबाईंनी एकच विचारलं, कीबोर्ड हाच राहील ना? हाच राहील, तो म्हणाला. मग त्या निश्चिंत झाल्या. कंपोझिटरची बायको, खिळे केसमध्ये असतात, खालचं टेबल बदललं म्हणून अक्षरं कुठे जाणार? त्यांनी कीबोर्ड ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवला.

अमितने फोटो, पत्रकं, सगळं आधी उतरवून घेतलं. अक्षरांची मांडणी हीसुद्धा उतरवून घ्यायची वस्तू आहे, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

दत्ताराम आले, खुर्चीत बसले, बोटं चालवली. पडद्यावर भलताच कचरा आला. त्यांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला. पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग त्यांचा चेहरा असा पडला की कमलाबाईंना उमगलं: यांना वाटतंय, डोकंही गेलं.

“बाबा, तुमचं नाही चुकत,” अमित घाईने म्हणाला. “मशीन बदललंय.”

पुढचे सगळे रविवार तो येऊन बसला. जुनं सगळं पुसलं गेलं होतं. नव्यावरही अक्षरं हलवता येत होती, पण कुठलं कुठे हलवायचं? बाबा, त कुठे होता? दत्तारामांची बोटं हवेत थांबायची. पूर्वी ‘ताट’ लिहिताना बोटं आपणच त वर जायची; आता पडद्यावर भलतंच उमटलं की तीही गोंधळायची. एकटा त कुठे, ते बोटांना सांगता येईना. आणि ज्यावर लिहून सांगायचं ती मांडणीच तर हरवली होती. अमितने अंदाजाने मांडणी केली. शब्दागणिक चूक. दत्तारामांनी कीबोर्ड दूर लोटला.

गॅलरीत अमित रडत उभा होता. कमलाबाई बाहेर आल्या.

“मला विचारलंस. त्यांना विचारायचं होतंस.”

“ते घरी नव्हते, आई.”

“संध्याकाळी येणारच होते ना?”

आणि आपणही हो म्हटलं, हे त्यांनी पुढे बोलून दाखवलं नाही. पण कोपऱ्यातल्या बटणाचं त्याच दिवशी सांगितलं. मुलासमोर सांगताना जीव अर्धा झाला. अमितने ते तेवढं जमवून दिलं.

तो गेल्यावर कमलाबाई शेगडीशी वळल्या. मागे खट् वाजलं.

पडद्यावर: कमल.

“ओ,” म्हणत त्या पिठाच्या हातांनीच जवळ आल्या. दत्तारामांचा हात बटणांवर उचललेला होता. तो तसाच राहिला. पुढे काही येईना.

“चहा हवाय?” मान हलली, नाही. “पाणी? कूस वळवू? दुखतंय का कुठे?” नाही, नाही, नाही. काहीतरी दुसरं होतं. काय, ते घरात फक्त दत्तारामांनाच ठाऊक होतं.

कमलाबाई हात पुसून शेजारी बसल्या. मग दत्तारामांनी डावा हात पुढे केला आणि एकेक अक्षर पुसत पडदा कोरा केला. अर्धी ओळ त्यांनी कधी छपाईला सोडली नव्हती.