वजनावरचं कुंकू

काल खंडेनवमीला शेजाऱ्यांनी स्कूटरला ओलं कुंकू लावलं. त्या वासाने मी पुन्हा चिंचवडच्या औषध कारखान्यातल्या वजनखोलीत जाऊन उभा राहिलो.

ऐंशी साल नुकतंच सरलं होतं. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. पंखा बंद करून काटा तापू द्यायचा, मग शंभर ग्रॅमचं चकचकीत प्रमाण वजन ठेवून आकडा जुळवायचा. त्या वजनाला बोट लावायची सक्त मनाई होती. घामानेसुद्धा ते जड व्हायचं, म्हणून चिमट्यानेच उचलायचं. मी आणि रफीक, दोघेही तिथे टेंपररी होतो आणि आमच्यातला एकच कायम होणार होता.

त्या खंडेनवमीला मी भक्तिभावाने त्या वजनालाही कुंकू लावलं.

"भावा, नवरी हाय का ती?" रफीक हसला आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून घाईघाईने ते हातात घेऊन रुमालाने पुसू लागला. तेवढ्यात साहेब दारात आले.

"साहेब, कुंकू मी लावलं," मी लगेच म्हणालो.

"तू पूजा केलीस. वजन कोणाच्या हातात आहे?"

रफीकला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. आपण खरं बोललो, यावर कित्येक वर्षं मी मनाची समजूत घातली. आता तीही पटत नाही. खरं बोलून मी गप्प बसलो, त्याच्यासाठी भांडलो नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो आणि खात्यात सगळ्यांना पेढे वाटले.