तीन नंबरच्या टाकीत दत्तू का उतरला

सहा वर्षं मी हे सांगायचं टाळलं. आता माझं वय पंचाहत्तर आहे. आज लिहितो.

आमची जुनी युद्धनौका भंगारात निघाली, तेव्हा बीड जिल्ह्यातले आम्ही सात माजी नौसैनिक ती वाचवायला उभे राहिलो. शिरूर कासारच्या बसस्टँडवर सह्या गोळा करताना लोक हसायचे.

"प्यायला पानी न्हाई अन् जहाज वाचवायला निघाले बे!"

"जहाज आनलं की पानी मागून येतंय, मामा. करा सही," दत्तू थोरवे म्हणायचा. युसूफ वडगावचा दत्तू इंजिनरूममध्ये नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता. निवृत्तीनंतरही तो मला चीफच म्हणायचा.

आम्ही पाळीपाळीने मुंबईला जाऊन नौकेचा गंज खरवडायचो, पाणी उपसायचो. त्या दिवशी ती एका बाजूला कलली होती. १६०० वाजता, म्हणजे दुपारी चारला, तपासणी पथक येणार होतं. कललेली दिसली असती तर थेट तोडायला गेली असती. पाणी पंपाकडे वळवणारा व्हॉल्व्ह तीन नंबरच्या रिकाम्या तेलटाकीत होता. टाकी कित्येक वर्षं बंद. गंज आतला ऑक्सिजन खातो. तासभर ब्लोअरने ताजी हवा आत सोडल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, हे दत्तूला मीच शिकवलं होतं.

१४१० ला ब्लोअर लावला. १४३० ला दत्तू म्हणाला, "आमच्याकडं आडात उतरताना आधी कंदील सोडत्यात. इझला तर मानूस उतरत न्हाई."

"तेलाच्या टाकीत कंदील? सगळ्यांना उडवतो का?"

"मंग थांबू का, चीफ?"

मी घड्याळ पाहिलं. पाणी उपसायलाच दीड तास लागणार होता. "वेळ नाही. उतर."

१४३८ ला वॉकीटॉकीवर आवाज आला, "व्हॉल्व्ह उघडला." मग काही नाही.

"दत्तू, रिपोर्ट."

"दत्तू, रिपोर्ट."

कमरेच्या दोराने चौघांनी त्याला वर ओढलं. १४५२. श्वास नव्हता.

पंप चालू ठेवला. संध्याकाळी नौका सरळ झाली. पथक त्या दिवशी आलंच नाही, दुसऱ्या दिवशी आलं. तोडणं थांबलं. आजही आम्ही सहा जण तिथे जातो.

चौकशीत मी लिहून दिलं की दत्तू परवानगीशिवाय उतरला. ते खोटं आहे. त्याने विचारलं होतं. आदेश माझा होता. तसा दुरुस्त जबाब मी आज सही करून पाठवला आहे.

त्याच्या दहाव्याला युसूफ वडगावला गेलो होतो. त्याच्या बायकोने, कौसल्यावहिनींनी विचारलं, "भाऊजी, लोक म्हनत्यात, त्यांनीच घाई केली. खरं हाय का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

परवा वहिनीही गेल्या. घाई माझी होती, वहिनी. मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.