मधल्या माळावरचा फुफाटा

उज्ज्वला सरपंच झाली त्याच्या कितीतरी आधीपासून गावात तिला भिंगरी म्हणत. बाई एका जागी ठरायचीच नाही. तव्यावर भाकरी टाकली की ती उलटायच्या आत अंगणात जाऊन यायची. माहेर तिचं आंबेगाव तालुक्यातलं, घोडनदीच्या काठावरचं. ते गाव डिंभ्याच्या धरणात गेलं, भाऊबंद जिकडेतिकडे पांगले, आणि चार दिवस जाऊन निवांत पाय पसरावेत अशी जागाच तिला राहिली नाही. त्यामुळे म्हणा की उपजतच म्हणा, तिच्या जिवाला थारा नसायचा.

सासर बोरमाळ, पिंपरी पेंढारच्या पलीकडचं. नवरा गोरख पिकअप चालवायचा, टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात जायचा. दोन हजार साली सरपंचपद बायकांना राखीव झालं तेव्हा भावकीनं गोरखच्या बायकोला उभं केलं. तिचं नाव काढलं धर्माजीतात्यांनी. तात्या गोरखचे चुलते, भावकीतले सगळ्यांत थोरले. त्यांचा हिशोब सोपा होता. सूनबाई सही करील, कारभार आपण बघू.

पहिलं वर्ष तसंच गेलं. मग सही करता करता उज्ज्वला कागद वाचू लागली, आणि वाचता वाचता विचारू लागली. वरच्या वस्तीला नळ का नाही? शाळेच्या पत्र्याचं काय झालं? ग्रामसेवकाला गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. ते बिचारे कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, "बाई, जरा दमानं." दम हा प्रकार तिच्याकडे नव्हताच.

मग तो फुफाट्याचा उन्हाळा आला. सन दोन हजार तीन. आधीच्या पावसाळ्यानं दगा दिलेला, विहिरींनी तळ गाठलेला. त्यात तात्यांनी माघात एक काम केलं. त्यांचा मधला माळ पिढ्यानपिढ्या तसाच पडून होता. तरवड, बोरी, गवत आणि भोवती घायपाताचं कुंपण. तात्यांनी बुलडोझर आणला आणि सगळं खरवडून माळ तळहातासारखा सपाट केला. डाळिंबाची बाग करायची होती. बोअर घेतला, तो कोरडा गेला. बाग राहूनच गेली आणि उघडी, मोकळी झालेली माती तेवढी उरली.

माळाच्या उगवतीला अंबाबाईचं घर. दुपार कलली की मावळतीचा वारा सुटायचा आणि अख्खा माळ उठून अंबाबाईच्या घरात शिरायचा. अंथरुणात माती, पिण्याच्या हंड्यात माती, टोमॅटोच्या पानांवर मातीचा थर आणि त्या थराखाली लाल कोळ्याची कीड. अंबाबाईचा नवरा दादाभाऊ जुना दमेकरी. ते दारं लावून आत बसायचे आणि खोकल्यानं त्यांची कमान व्हायची.

फाल्गुनातल्या एका सकाळी अंबाबाई ताट घेऊन ग्रामपंचायतीत आली. ताटात वाळवलेल्या कुरडया होत्या, विटकरी रंगाच्या. तिनं ताट टेबलावर आपटलं.

"खा," ती म्हणाली.

"मावशी, काय झालं?"

"खा म्हणते ना! भाऊसाहेब, तुमी बी खा. तुमच्या तात्यांच्या माळाची चव बघा. सरपंचबाई, माझा माणूस घुसमटून मरायला लागलाय. तुझा चुलतसासरा हाय म्हणून तुला बोलता येत नसंल, तर तसं सांग. मी दुसरं दार बघते."

उज्ज्वलाचे कान तापले. ती तशीच उठली आणि तात्यांच्या दारात गेली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं सगळं सांगितलं. तात्या तंबाखू मळत होते. त्यांचे डोळे लालभडक होते.

"रान माझं हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"हाय की."

"मग वारा काय मी सोडला? वाऱ्यावर अर्ज कर म्हणावं अंबाबाईला."

तिथून पुढे उज्ज्वलाची पायपीट सुरू झाली. भाऊसाहेबांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. सांडपाणी होतं, उकिरडा होता, मोकाट जनावरं होती. शेतातून उडणारी माती कुठंच नव्हती. ती तालुक्याला गेली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं की कारखान्याची किंवा खडी क्रशरची धूळ असती तर वर लिहिता आलं असतं. शेतकऱ्यानं स्वतःचं रान सपाट केलं तर त्याला कोणत्या कलमानं धरणार? शेतीखात्यातला माणूस म्हणाला, मातीवर उसाचं पाचट पसरा, कडेला झाडं लावा. पण मालकाची तयारी हवी. पोलीस पाटील म्हणाले, मारामारी झाली तर मला बोलवा.

कुणी वाईट वागलं नाही. सगळे बरंच बोलले. येताना एसटीच्या खिडकीतून तिला लांबूनच दिसायचं, दुपारच्या उन्हात बोरमाळवर तांबूस ढग उभा राहिलेला. घरी आली की हातातली पिशवी न ठेवताच ती पुन्हा दाराबाहेर.

"अगं, जेव तरी," गोरख म्हणायचा.

"दादाभाऊंना बघून येते."

"तुला काय डागदर केलाय का?" तो वैतागायचा. "तात्यांनी आपल्याला उभं केलं. भावकीत तोंड दाखवायचंय मला."

एक मेची ग्रामसभा आली. दरवर्षी सकाळी मारुतीच्या देवळात व्हायची. झेंडावंदन झालं की माणसं माना डोलवून घरी. उज्ज्वलानं दवंडी दिली की यंदा सभा दुपारी, अंबाबाईच्या अंगणात. भाऊसाहेब गडबडले, पण गावात कुठंही सभा घ्यायला पुस्तकात मनाई नव्हती.

माणसं आली. सतरंज्या पडल्या. अंबाबाईनं चहा केला. तात्याही आले, फेटा बांधून, पुढच्या रांगेत बसले. जमाखर्चाचं वाचन चाललं असतानाच वारा सुटला. आधी सतरंजीची टोकं हलली. मग माळावरून एक भिंत उठली आणि सभेवर येऊन पडली. चहावर साय धरावी तशी माती. बायकांनी तोंडात पदर कोंबले, भाऊसाहेबांच्या हातातले कागद उडाले, आणि आतून दादाभाऊंचा खोकला ऐकू येऊ लागला. तो थांबेचना. जमाखर्च तिथंच राहिला.

ठराव झाला. मधल्या माळावर पाचट पसरावं, बांधाला झाडं लावावीत, ग्रामपंचायतीनं रोपं द्यावीत. हात वर झाले, भावकीतलेसुद्धा. तात्या उठले. फेट्यावरची माती त्यांनी झटकली नाही.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. "माझ्याच सुनेनं माझ्याविरुद्ध गाव उभं केलं."

ते निघून गेले. उज्ज्वलाला वाटलं होतं, ठराव झाला की छातीवरचा दगड उतरेल. तो आणखी जड झाला. त्या आठवड्यात भावकीत हळद होती, तिला कुणी बोलवायला आलं नाही. गोरख पिकअप घेऊन गेला की उशिरा यायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. आणि माळ उडतच होता. ठराव कागदावर होता, अंमल कुणी करायचा ते कागदाला माहीत नव्हतं. दादाभाऊंना नारायणगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. अंबाबाई बांधावर उभी राहून तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तात्या तिच्याकडे पाठ करून आपलं काम करत राहायचे.

कसलं काम? हा प्रश्न उज्ज्वलाला एक दिवस अचानक पडला. बाग नाही, पाणी नाही, पीक नाही. मग हा म्हातारा रोज उन्हातान्हात माळावर करतो काय?

तिनं ओळखीच्या ऊसवाल्याकडून पाचटाची एक गाडी भरून घेतली आणि बैल हाकत स्वतः माळावर गेली. तात्या तोंडाला उपरणं गुंडाळून टिकाव मारत होते. माळभर ओळीनं खड्डे होते, डाळिंबाच्या रोपांसाठी घेतलेले. वाऱ्यानं ते रोज बुजायचे. तात्या रोज ते पुन्हा उकरायचे आणि उकरलेली माती कडेला टाकायचे. संध्याकाळी तीच माती अंबाबाईच्या घरात.

"तात्या, थांबा," ती म्हणाली. "पाचट आणलंय. मी पसरते, तुमी नुसतं बसा."

"नको."

"का पण?"

"पाचट टाकलं तर खड्डे कुठं हायेत ते दिसायचं न्हाई." त्यांनी टिकाव टेकवला. "अमृत म्हणला व्हता, बाग झाली तर कंपनी सोडून येतो. त्यो आल्याव रान तयार दिसाय पाहिजे. पाणी काय, आज न्हाई उद्या लागंल."

अमृत म्हणजे त्यांचा एकुलता एक. चाकणला कंपनीत. तात्यांचे लाल डोळे उज्ज्वलाला आज पहिल्यांदा नीट दिसले. अंबाबाईच्या घरात संध्याकाळी जायची ती माती हा माणूस दिवसभर खात होता. तिनं बैल वळवले आणि पाचट बांधाकडेला ओतून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती चाकणच्या एसटीत बसली. घरात कुणाला सांगितलं नाही. कंपनीच्या फाटकाबाहेर टपरीशी उभी राहिली. पाळी सुटली तसा अमृत बाहेर आला, निळ्या कपड्यांत, अंगानं सुटलेला.

"वहिनी? तात्या बरे हायेत ना?"

"बरे हायेत. खड्डे खणतायत." तिनं सगळं सांगितलं. तो ऐकताना एकदाही वर बघेना.

"मी म्हणलो व्हतो, पण ते आपलं बोलण्यात," तो शेवटी म्हणाला. "आता पर्मनंट झालोय वहिनी. पोरगी श्रेया इथल्या शाळेत जाती. तिकडं येऊन काय करू?"

"हे तात्यांना सांगितलंस?"

"फोनवर कसं सांगायचं? तुमीच सांगा ना. तुमी सरपंच हायात, तुमचं ऐकतील."

उज्ज्वलाला एकदम राग आला, इतका की टपरीवाल्यानं मान वर करून पाहिलं.

"हे सरपंचाचं काम न्हाई! गटार सांग, काढते. रस्ता सांग, करते. तुझ्या बापाला तू येणार न्हाईस हे सांगायचा ठराव मी कुठून आणू? दोन महिने अख्खं गाव माती खातंय. तू एक रविवार ये."

तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. परतीच्या वाटेवर तिला वाटत राहिलं, आपण भलतंच केलं. गप्प राहिलो असतो तर म्हातारा निदान आशेवर तरी जगला असता. आणि दादाभाऊ? त्यांनी कशावर जगायचं? राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, तिचं मन काही एका बाजूला ठरेना.

रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्या रविवारी अमृत आला, श्रेयाला घेऊन. बापलेक माळावर गेले. उज्ज्वला आपल्या अंगणात धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती आणि तिथून तिला ते दिसत होते. ते खूप वेळ उभे होते. मग तात्या एका खड्ड्याच्या काठावर बसले. अमृतही बसला. काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. चारच्या गाडीनं अमृत परत गेला.

त्यानंतर चार-पाच दिवस तात्या घराबाहेर पडले नाहीत. गोरख म्हणाला, "झालं समाधान?" उज्ज्वला डबा घेऊन तात्यांकडे जायची, तो तसाच परत यायचा.

मग एका सकाळी तिनं पाहिलं, तात्या बांधाकडेचं पाचट कवळ्यानं उचलून माळावर पसरत होते. एकटेच. ती धावत गेली आणि काही न बोलता पसरू लागली. थोड्या वेळानं गोरखनं पिकअप आणून बांधाला लावली. गाडीत आणखी पाचट होतं. खड्डे एकेक करून झाकले गेले. शेवटच्या खड्ड्याशी तात्या थांबले, तेव्हा उज्ज्वलानं दुसरीकडे तोंड वळवलं. तो त्यांनी स्वतः झाकला.

मृगाचा पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. तात्यांनी माळभर हुलगा टाकला. हुलग्याच्या वेलांनी माती धरली. ग्रामपंचायतीच्या सुबाभळी बांधावर लागल्या, निम्म्या जगल्या. दादाभाऊंचा दमा काही गेला नाही, पण पुढच्या फाल्गुनात ते अंगणात खाट टाकून बसू लागले, आणि अंबाबाईच्या कुरडया पांढऱ्या निघाल्या. वारा सुटला की थोडी माती अजूनही यायची. तेवढी ती सोसून घ्यायची, शिव्या देत.

तात्या आणि अंबाबाई मात्र एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. हुलगा टाकला त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, ग्रामपंचायतीत अर्ज आला होता, तात्यांचा. अंबाबाईच्या शेळ्या हुलगा खातात, सरपंचांनी बंदोबस्त करावा. भाऊसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, हे कलम हाय बरं का!"

उज्ज्वला हसली नाही. टेबलाच्या एका टोकाला तात्या बसले होते. दुसऱ्या टोकाला अंबाबाई, तोंड फिरवून. तिनं दोघांकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला," ती म्हणाली, "आधी बांध बघू कुठं फुटलाय."