मोतिताला पाजलेला लसूण

एदुविहिसच्या मांजरीला लसूण मीच पाजायला लावला, हे आधीच सांगून टाकते. मग मला काय बोलायचं ते बोला.

एदुविहिस माझी शेजारीण. उतुआदो गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा गेला, मुलगी ऑर्लँडोला जाऊन राहिली, नि उरली ती मोतिता, पांढरी मांजर. लाकडी खलबत्ता आमच्याकडे साबणाने कुणी धूत नाही, नुसता पुसतात. लसणाचा वास मुरायला हवा. एदुविहिस तर पुसायचीही नाही. त्यातच कच्च्या केळ्याच्या कापांबरोबर लसूण आणि डुकराची तळलेली चरबी कुटायची, आणि मोतिता तो खलबत्ता रोज चाटूनपुसून लख्ख करायची.

"बघ माझी मोलकरीण!" असं म्हणून ही हसायची.

एक दिवस मांजर ओकली, मलूल पडली.

"जंत झालेत गं," मी म्हटलं. "तेलात लसूण ठेचून पाज. आईने आम्हा सहाही भावंडांना तेच पाजलं."

"मांजर आहे ती, तुझा भाऊ नाही!"

"भाऊपण असाच कण्हायचा. पाज गुमान."

तिने दोन दिवस पाजला, मांडीत दाबून धरून. ओकणं थांबलं, आम्ही खूश. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कॉफीसारखी. तेव्हा कुठे अरेसिबो शहरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

"कांदा-लसणाने मांजराचं रक्त नासतं," त्या म्हणाल्या. "वाटणात असो की पूड असो. पोटात गेलं की लगेच फोन करायचा, किती खाल्लं ते सांगायचं आणि तडक घेऊन यायचं. घरी तेल नाही, मीठपाणी नाही, काही पाजायचं नाही. त्रास दिसायला काही दिवस जातात, तोवर वाटतं, निभावलं." मग विचारलं, "लसूण पाजायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मीच," एदुविहिस म्हणाली.

मी तिच्या शेजारीच उभी होते. मी आपली मोतिताच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या मांजराचं रक्त चढवलं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मोतिता गेली.

परवा न राहवून मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "अगं, मला चार शिव्या तरी घाल!"

"घालून ती येणार आहे का परत?" असं म्हणून ती खलबत्ता घासत राहिली. साबणाने.