पाचरेचा गुडघा

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे पाचर म्हणत. नेपथ्याच्या दोन फ्लॅटांमधल्या, म्हणजे रंगवलेल्या खोट्या भिंतींमधल्या, चिंचोळ्या फटीतही ही बाई आरामात मावायची, म्हणून ते नाव. मी राणी झाले तेव्हा माझं सिंहासन तिने आणलं, भिकारीण झाले तेव्हा माझी पायरीही तिनेच. टाळ्या मला मिळाल्या. अंधारात सामान हलवणाऱ्यांसाठी कोण टाळ्या वाजवतो?

तिच्या कामाची एक रीत होती. दिवे गेले की खाली बघायचं नाही, पायांवर विश्वास ठेवायचा. एका जुन्या नाटकात चौथऱ्यामागे उतरायला लाकडी पायरी होती. एका दुपारी दिग्दर्शकाने ती डावीकडे घ्यायला सांगितली आणि पाचरेनेच ती हलवली. पण संध्याकाळी प्रयोगाला तिचे पाय जुन्याच वाटेने गेले. हातात जड पेटी आणि पायाखाली पोकळी! पाऊल जमिनीवर टेकलं, तिथेच अडकलं, अंग मात्र पुढे वळलं. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. तरी तिने पेटी जागेवर सरकवली, मगच विंगेत कोसळली. दिवे आले, मी वाक्य घेतलं. प्रेक्षकांना काही कळलंसुद्धा नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटलाय. पण सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही. मांडीचे स्नायू भक्कम केले तर पुष्कळांचं भागतं. तुमचं काम काय?"

"अंधारात ओझं घेऊन वळायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वळणंच अवघड आहे. आधी व्यायाम करून बघू. गुडघा दगा द्यायला लागला तर ऑपरेशन."

तिच्या घरी दोन पक्ष पडले. नणंद म्हणाली, "एकदाचं कापून मोकळी हो गं. रोज काय पाय वर, पाय खाली!"

नवरा बस चालवतो. तो म्हणाला, "इंजिन एकदा उघडलं की पहिल्यासारखं बसत नाही."

"अहो, मी बस नाही," पाचर म्हणाली. "आणि वन्सं, पाय माझा आहे. आधी व्यायाम."

मॅनेजरने तोवर तिकीट खिडकीतलं स्टूल पुढे केलं. "बसून काम, पंखा आहे, कायमचं ये."

"पंखा तुम्हालाच लखलाभ. मला रंगमंचावर यायचंय."

मग ती चिवटपणे व्यायामाला लागली. भांडी घासताना एका पायावर उभी, डोळे मिटून. नवरा चिडवायचा, "बगळा झालाय आमच्या घरात." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एक ताकीद दिली होती, "गुडघा एकदा जरी सटकला तरी मला सांगायचं. लपवून काम रेटलंत तर आतली गादी फाटेल, मग डॉक्टरही हात टेकतील."

काही महिन्यांनी सूज गेली, मांडी दगडासारखी झाली. शिडी चढून झाली, सरळ चालून झालं. बाईंच्या परवानगीने ती तालमीला आली, हलकी खुर्ची घेऊन. मी विंगेत उभी होते. दिवे गेले. ती आत गेली, खुर्ची ठेवली, वळली, आणि क्षणभर थांबली. विंगेत आली तेव्हा तिचा श्वास चढलेला होता.

"ताई, सटकला."

"पडलीस?" मी विचारलं.

"नाही. सावरले."

तिला त्या स्टुलावर बसलेली बघणं माझ्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "मग कोणी बघितलं नाही."

"मला कळलं ना. उद्या माझ्या हातात मोठं कपाट असेल, आणि समोर कुणी नवी पोरगी उभी असेल."

त्याच संध्याकाळी तिने बाईंना फोन केला.

नणंदेला राहवलं नाही. "मी सांगत होते! एवढे महिने वाया."

"वाया कसे, वन्सं? व्यायाम केला नसता तर आयुष्यभर वाटलं असतं की उगाच कापून घेतला."

डॉक्टरही म्हणाले की मांडीत जोर आहे, तो पुढे कामाला येईल. पण ऑपरेशननंतर ओझं घेऊन वळायला वर्षसुद्धा लागेल, आणि पूर्वीसारखं जमेलच अशी हमी नाही.

"हमी मागतंय कोण? तारीख द्या," पाचर म्हणाली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. पाय पट्ट्यांत, चेहरा पांढराफटक. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "गुडघा ताठ ठेवून पाय उचला." नवऱ्याने टाचेखाली हात घातला.

"हात काढा."

"अगं, दुखेल."

"दुखू दे. काढा म्हणते ना!"

त्याने हात काढला. तिने पलंगाची कड घट्ट धरली, दात आवळले. मांडी थरथरली आणि टाच चादरीवरून बोटभर वर आली. खाली ठेवून तिने घाम पुसला.

"परत," ती स्वतःलाच म्हणाली.