मोरपंखी दोरा

ते प्रकरण आठवलं की आधी मला माझी कडक इस्त्रीची वर्दी आठवते. नवी फौजदारीण होते मी. मान ताठ, काठी काखेत, अक्कल बेताची. नातवंडं विचारतात, "आजी, तू गुंडांना मारायचीस?" मी सांगते, गुंडांना कमी, टेबलाला जास्त.

तीर्थपुरीकडच्या शिवारात एका परदेशी कंपनीचे कपाशीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट होते. सकाळी बायका फुलांना पराग लावायच्या आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायच्या. एका दुपारी सरकारी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला: फवाऱ्याचं विष अंगात गेलेली बाई कुणीतरी दारात टाकून गेलंय.

मी पोचले तेव्हा तिला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. तिच्यासोबत कामाला असणारी तिची जाऊ उशाशी होती. तिने जबाब दिला, "फवारा चालू व्हता, तरी सुपरवायझर म्हणला, फुलं उद्यापर्यंत थांबत न्हाईत, करा काम." मी कपड्यांचं वर्णन लिहिलं: मोरपंखी साडी, पदर उसवलेला. शेजारी ऐटीत शेरा मारला, 'झटापटीची शक्यता.'

दुसऱ्या दिवशी कंपनीचा अधिकारी वकील घेऊन ठाण्यात आला. "ही बाई आमची मजूर नाही. काल फवारणी होती, प्लॉटात कुणीच नव्हतं." मी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा गिलास माझ्याच वर्दीवर सांडला. अधिकाऱ्याने अदबीने रुमाल पुढे केला.

बाहेर येऊन वर्दी पिळत मी ठाण्यावर आलेल्या जावेला झटापटीचं विचारलं. तिला त्यातही हसू आलं. "झटापट कशाची, म्याडम! कंपनीचा लाल दोरा सरला. मंग तिनं पदराचे धागे उपसून बांधले."

दोन पंच घेऊन मी तडक प्लॉट गाठला. कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. शेवटच्या दोन ओळींत कालची गुलाबी फुलं होती आणि प्रत्येकाच्या देठाला मोरपंखी धागा. पंचनामा केला, फुलं दोऱ्यासकट सीलबंद केली.

सुपरवायझरला एकट्याला बसवून ती पाकिटं पुढे ठेवली. या वेळी टेबलाला हात लावला नाही. त्याने एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "साहेबांचाच फोन आल्ता. फवारा थांबवू नका, बायाबी काढू नका म्हणले." फोनची नोंद तपासली, जुळली. आरोपपत्रात त्या रुमालवाल्या साहेबांचंही नाव गेलं.

बाईची नजर हळूहळू परतली. कोर्टात बचावाच्या वकिलाने तिच्यापुढे दोरा धरला, "दिसतो का? रंग सांगा."

"मोरपंखी. माझ्याच पदराचा हाय. तुम्ही म्हणता मी तिथं नव्हतेच, मंग हा काय वाऱ्यानं बांधला?"

निकाल तिच्या बाजूने लागला. वर अपील इतक्या वर्षांनी अजून चालूच आहे, पण त्या शिवारात आता फवारा सुरू झाला की बाया आपणहून बांधावर येऊन बसतात. थांबत नसतील फुलं, तर जाऊ द्या म्हणतात.

मी एवढंच शिकले: कंपनीचा मालक समुद्रापार असला, तरी अन्याय आपल्याच शिवारात होतो आणि पुरावाही तिथेच सापडतो. तिथवर चालत जावं लागतं. ओल्या वर्दीतही.