न सांगितलेला सांबार

भाऊ बरा व्हावा म्हणून मी नाही नाही ते उपास केले, आणि तो खरंच बरा व्हायला लागला तेव्हा माझ्या पोटात दुखलं. आता लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला लिहू?

धाकटा भाऊ माझा. स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज थांबले होते, पण लक्ष कशात टिकायचं नाही. अंघोळीला पाठवलं तर बादली भरून कोरडाच परत यायचा. आई गेल्यावर वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याचं डोकं म्हणजे मीच. गोळी घे, चप्पल घाल, गॅस बंद कर. दहा वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला.

मग वर्ध्याच्या दवाखान्यात नवा उपचार सुरू झाला. डोक्याला दोन ओले स्पंज बांधून अगदी बारीक करंट सोडायचा, आणि तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर सराव करायचा: शब्द लक्षात ठेव, चित्रांच्या जोड्या लाव. करंटनं मेंदू सरावाला तयार होतो, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि गुण सगळ्यांनाच येतो असं नाही, हेही म्हणाले. शॉक समजून मी घाबरले होते. तो म्हणाला, "काई नाई वं ताई, मुंग्या चावल्यासारखं लागते फक्त."

सराव घेणारी मॅडम असेल पंचवीसेक वर्षांची. तिसऱ्या आठवड्यापासून घरात उठता-बसता मॅडम. "मॅडम म्हणते, शब्द मनात घोळवाचे." "मॅडमनं आज शाब्बास म्हटलं." अगं बाई! दहा वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा हा दगडासारखा बसायचा, आणि ही कालची पोर शाब्बास म्हणून मोकळी! आयत्या बिळावर नागोबा. तिच्याशी बोलताना तो हसायचासुद्धा. मला नुसतं "हो".

एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, बाजारातून पाच वस्तू आणायला सांगा त्यांना. चिठ्ठी देऊ नका. आणि मध्ये बोलू नका." मध्ये बोलू नका म्हणे. मला!

रविवारी सांगितल्या पाच वस्तू: वांगी, टमाटे, लसूण, मीठ, काड्यापेटी. बोटं मोजत तो निघाला. त्यानं विसरावं असं मला वाटत होतं. एक तरी.

पाचही घेऊन आला. पिशवी ओट्यावर उपडी केली आणि म्हणतो काय, "थांब, मॅडमले फोन लावतो."

माझा तोल गेला. म्हटलं, "अन् सांबार?"

"कोन्ता सांबार?"

"आता! सांबाराची जुडी सांगितली होती ना तुले. विसरला का?"

कोथिंबिरीची जुडी मी सांगितलीच नव्हती.

मला वाटलं भांडेल. तो खाटेवर बसला. बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, आधी कोणी न बोललेलं मले आयकू ये. आता तू बोललेलंबी आयकू येत नाई का? राहू दे तो करंट. माह्या डोक्याचं काई खरं नाई."

कोण खरंच बोललं आणि कोण नाही, हे इतकी वर्षं तो मलाच विचारत आला होता.

"नाई रे," मी म्हणाले. "सांबार म्या सांगितलाच नव्हता. खोटं बोलली मी."

"काऊन?"

"तू दिवसभर मॅडम मॅडम करून राह्यला. माह्या पोटात दुखते."

"म्हंजे पाचच होत्या?"

"पाचच होत्या."

"पुन्हा सांग."

तीनदा सांगायला लावलं. मग फोन घेऊन अंगणात गेला.

करंट त्यानं सोडला नाही. बाजारही आता तोच करतो. पण निघण्याआधी माझ्या हातात पेन देतो आणि काय काय आणायचं ते माझ्याच अक्षरात लिहून घेतो. ती चिठ्ठी न वाचताच खिशात घालतो. सगळं सामान आणून ओट्यावर मांडलं, की मग ती उघडतो आणि माझ्यासमोर धरतो.